हद्द ओलांडली की माणूस हरवतो

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला करून दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. सांभाळायचं कबूल करून मुलाने सांभाळलं नाही, म्हणून. तेव्हापासून इंग्लंडमधल्या आम्हा मराठी मंडळींच्या गप्पांत आणि तिकडून येणाऱ्या लेखांत तेच प्रश्न फिरताहेत. अशा मुलांना घराबाहेर काढावं का? ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातली निर्वाहभत्त्याची दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा उठवावी का? आई-वडिलांना सांभाळायला मुळात कायदा लागावाच का? वाद महत्त्वाचे आहेत. पण सगळे उंबरठ्याच्या आतच संपतात: मुलगा, सून, घर, सातबारा. मी इथे एका कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, प्रौढ समाजसेवा विभागात काम करते. जे पाहते त्यावरून मला ठामपणे वाटतं, की स्वतःचं रक्षण करू न शकणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठा धोका उंबरठ्याबाहेर असतो. एका कार्यालयाची जबाबदारी संपते आणि दुसऱ्याची सुरू होत नाही, तिथे.

इंग्लंडही हे सहजासहजी शिकलेलं नाही. २००६ मध्ये कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेल गावात बौद्धिक अक्षमता असलेल्या एका माणसाचा, त्याच्याच घरात ठाण मांडून बसलेल्या लोकांनी छळ करून जीव घेतला. नंतरच्या चौकशीत दिसलं की पोलीस, आरोग्यसेवा, समाजसेवा, प्रत्येकाला त्याच्याविषयी काही ना काही ठाऊक होतं. ते सगळं एका ठिकाणी कुणीच मांडलं नव्हतं. मग २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातली मारहाण बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने दाखवली आणि ११ कर्मचारी दोषी ठरले. तिथले रुग्ण वेगवेगळ्या भागांतल्या यंत्रणांनी पाठवलेले होते. पैसे लांबची यंत्रणा भरणार, तक्रारी स्थानिक कौन्सिलकडे आणि पोलिसांकडे येणार, आणि प्रत्येक तक्रार सुटी घटना म्हणून निकालात निघणार. आई-वडील बिचारे कित्येक मैलांवर.

एप्रिल २०१५ पासून लागू झालेला केअर ॲक्ट, म्हणजे प्रौढांच्या काळजीचा कायदा, या अनुभवांनंतर आला. त्याने कौन्सिल, पोलीस आणि आरोग्यसेवा यांना प्रत्येक भागात अशा प्रौढांच्या संरक्षणासाठीच्या एका मंडळावर बसणं बंधनकारक केलं. कौन्सिलने चौकशी कधी करायची, हेही सोप्या कसोटीवर बांधलं: माणसाला काळजीची आणि आधाराची गरज आहे का, त्याचा छळ किंवा हेळसांड होते आहे किंवा होण्याचा धोका आहे का, आणि त्या गरजेमुळेच तो स्वतःला वाचवू शकत नाही का. माणूस अठरा वर्षांवरचा असला की पुरे. तो ज्येष्ठ नागरिक आहे की नाही, त्याच्याकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे की नाही, हे कुणी विचारत नाही.

मला त्याहून मोलाची वाटते ती शेजारच्या भागांनी आपसात केलेली बांधणी. एका कौन्सिलचा माणूस दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत राहत असेल, तर जिथे छळ झाला तिथली कौन्सिल चौकशीचं नेतृत्व करते. ज्यांनी त्याला तिथे ठेवलं त्यांना माहिती द्यावी लागते, चौकशीत सहभागी व्हावं लागतं. लंडनमध्ये ३३ स्थानिक संस्था आहेत, रस्ता ओलांडला तरी कौन्सिल बदलते, म्हणून तिथे सगळ्यांची कार्यपद्धती एकच आहे. हॅम्पशायर, पोर्ट्समथ, साउथॅम्प्टन आणि आइल ऑफ वाइट या चार मंडळांनीही एकच धोरण स्वीकारलं आहे. ॲम्ब्युलन्सवाल्याला किंवा पोलिसाला चार ठिकाणी चार नियम लक्षात ठेवावे लागत नाहीत.

याने छळ थांबला का? नाही. २०१९ मध्ये डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्ल्टन हॉल या रुग्णालयात पुन्हा तेच उघड झालं, पुन्हा छुप्या कॅमेऱ्यानेच. कागदावरचं सहकार्य म्हणजे माणसाच्या खोलीत डोकावणारा डोळा नव्हे, हे मला रोज जाणवतं.

आता महाराष्ट्राकडे पाहते. कायद्यांची वानवा नाही. ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा, त्याचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या पालकत्वासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा, त्याची स्थानिक समिती जिल्हाधिकाऱ्यांकडे. दिव्यांगांच्या छळाची तक्रार २०१६ च्या कायद्याखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे. निराधार भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देण्याची जबाबदारी २०१७ च्या कायद्याने पोलीस ठाण्यावर. बहुतेक टेबलं एकाच शहरात, काही तर एकाच आवारात. पण ती एकमेकांशी बोलतील अशी सक्ती कुठे आहे?

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातली चाळिशीतली बौद्धिक दिव्यांग बाई आई-वडील गेल्यावर काकांकडे दुसऱ्या जिल्ह्यात गेली. तिला उपाशी ठेवतात, कोंडतात, असं शेजाऱ्यांनी कळवलं. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन तिच्यासाठी नव्हती, ती साठीची नाही. पोलीस म्हणाले, घरगुती मामला आहे. पालकत्वाची फाइल जुन्या जिल्ह्यात पडून होती. कायद्याप्रमाणे पालकाने दरवर्षी तिच्या मालमत्तेचा हिशेब समितीला द्यायचा असतो. तो आला नाही, हे जुन्या जिल्ह्यात कुणी पाहिलं नाही, आणि नव्या जिल्ह्यात तिची कुठे नोंदच नव्हती. इथे आम्ही तिचा मावसभाऊ फोनवर रडताना ऐकत बसलो.

परदेशी राहणाऱ्यांच्या जिवाला लागणारी दुसरी गोष्ट म्हणजे ब्युरोकडून आणलेले अटेंडंट. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आई-वडील त्यांच्याच भरवशावर आहेत आणि त्यातले बहुतेक जण मायेने करतात. पण ज्याने ठाण्यात एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांवर हात उगारला, त्याला तिथलं कुटुंब गुपचूप काढून टाकतं आणि पुढच्या आठवड्यात तो पुण्यात दुसऱ्या आजोबांपाशी असतो. पोलीस पडताळणीत काही सापडत नाही, कारण गुन्हा नोंदवलेलाच नसतो. इंग्लंडमध्ये अशा कारणाने काढलेल्या माणसाची माहिती कळवणं मालकावर बंधनकारक आहे. त्याची बाजू ऐकून घेतली जाते आणि मग गरज पडली तर अशा कामातून त्याला देशभर बंदी होते. महाराष्ट्राला हे आजही करता येण्यासारखं आहे.

हद्दी ओलांडून काम करणारी माणसं आपल्याकडे नाहीत असंही नाही. कर्जतचं डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या घरांपर्यंत पोचवतं. या कामासाठी डॉ. वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण एका संस्थेने पत्ता शोधत राज्यं पालथी घालायची आणि सरकारी यंत्रणेने जिल्ह्याच्या वेशीवर थांबायचं, हे मला मान्य नाही.

माझं मागणं मोठं नाही. राज्यात ३६ जिल्हे आणि सहा महसूल विभाग आहेत. प्रत्येक विभागीय आयुक्तांनी आपल्या जिल्ह्यांची एक बैठक नियमित घ्यावी. प्रांत, समाजकल्याण, पोलीस, जिल्हा रुग्णालय आणि दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्था, सगळे त्यात हवेत. माणूस हलला की त्याची फाइल त्याच्यामागे जावी आणि छळ जिथे घडला तिथल्या जिल्ह्याने पुढाकार घ्यावा. आणि असा एखादा माणूस हेळसांडीने गेला, तर फक्त पंचनाम्यावर थांबू नये. यंत्रणा कुठे चुकल्या याचा अभ्यास करून तो विभागातल्या सगळ्या जिल्ह्यांना वाचायला द्यावा. इंग्लंडमध्ये अशा मृत्यूनंतर, यंत्रणा एकत्र काम करण्यात कमी पडल्याची रास्त शंका असेल तर, मंडळाला तसा आढावा घ्यावाच लागतो.

यावर मला नेहमी ऐकावं लागतं, की तुमच्या इंग्लंडमध्ये कुटुंबव्यवस्था नाही म्हणून हे सगळं लागतं. वस्तुस्थिती अशी, की इंग्लंडमध्येही चौकशी होणारा धोका सर्वाधिक वेळा त्या माणसाच्या स्वतःच्या घरातच आढळतो. घरातली माया आणि घरातला छळ दोन्ही देशांत सारखेच आहेत. सरकार घरात घुसेल ही भीती मात्र मी हलकी मानत नाही. म्हणूनच इथे आम्हाला पहिल्या भेटीपासून त्या माणसालाच विचारायला शिकवतात, की तुम्हाला काय व्हायला हवं आहे. कधी कधी उत्तर येतं, मला मुलाला शिक्षा नको, त्याने फक्त ओरडणं थांबवावं. मग काम त्या दिशेने चालतं. विभागीय बैठकीच्या कागदावर त्या माणसाच्या शब्दांसाठी पहिली जागा राखून ठेवली, तर बाकीचे रकाने नंतर भरता येतील.