काढा पाजला, आणि मग?
अमेरिकेतले मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्यातल्या ‘ज्ञानाच्या देवाणघेवाणी’वरचा लेख वाचला. स्क्वांटो या मूळ रहिवाशाने प्लिमथ या इंग्रज वसाहतीतल्या लोकांना मका पेरायला शिकवलं, इथवर तो छान आहे. पण त्याच्या ८५ वर्षं आधीचं कार्तिए या फ्रेंच दर्यावर्दीचं प्रकरण यायला हवं होतं. १५३५-३६ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या आजच्या क्वेबेकजवळ त्याची जहाजं बर्फात अडकली आणि स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने) २५ माणसं गेली. डोमागाया या स्थानिक तरुणाने ‘अनेडा’ झाडाची साल-पानं उकळून काढा करायला सांगितलं, फांद्या आणायला सोबत दोन बायकाही दिल्या. थोड्याच दिवसांत खलाशी उठून बसले. (झाड नेमकं कोणतं, यावर अभ्यासक अजून भांडतायत!) बर्फ वितळल्यावर कार्तिएने काय केलं? डोमागायाला आणि त्याचे वडील, गावप्रमुख डोनाकोना यांना पकडून फ्रान्सला नेलं. दोघंही परतले नाहीत. याला ‘ज्ञानाची देवाणघेवाण’ म्हणायचं?