मिटल्या डोळ्यांचं बदक

घरी सांगताना ‘सेल घेतला’ एवढंच सांगा. नवऱ्याला वाटेल रिमोटचा, सासूबाईंना वाटेल साड्यांचा लागलाय, आणि तुम्हाला खोटं बोलल्याचं पाप लागणार नाही. क्रेडिट कार्डाचं बिल यायला अजून तीन आठवडे आहेत.

आता तुम्ही नक्की काय घेतलंत ते तुम्हाला तरी माहीत असावं. हा सेल म्हणजे जुन्या कार्टून चित्रपटांसाठी हाताने रंगवलेला पारदर्शक सेल्युलॉइडचा ताव, जो आता शौकीन जमवतात. पुढून शाईची रेघ, मागून रंग. अमेरिकेत १९१४ च्या सुमारास अर्ल हर्डने ही युक्ती काढली: देखावा एकदाच रंगवायचा आणि हलणारं पात्र तेवढं तावांवर पुन्हा पुन्हा काढून त्या देखाव्यावर ठेवत जायचं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी. एक चित्र दोन चौकटी चालवलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे सात मिनिटांच्या कार्टूनला पाच हजारांवर. या पाच हजारांतलं एक तुम्हाला घ्यायचंय. परवडणारं कुठलं असेल ते ओळखा बघू.

निवडीचे निकष जुन्या स्थळांच्या चिठ्ठीसारखे आहेत. चेहरा समोरून हवा, डोळे उघडे हवेत, अंग पायापर्यंत दिसायला हवं, व्यंग नको. सोबत त्याच दृश्यातला मूळ देखावा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण हजारो तावांमागे देखावे मोजकेच असतात. पाठमोरं पात्र, अर्धवट हात, मिटलेले डोळे हे सगळं बिजवराच्या यादीत. मी डोनाल्ड डक घेतला. डोळे अर्धे मिटलेले, चोच उघडी, शिंक येता येता राहिल्यासारखं तोंड. पडद्यावर हे बदक एका सेकंदाचा बारावा भाग दिसलं असेल. माझ्या हॉलमध्ये ते सहा वर्षं शिंकायच्या बेतात आहे. किती दिले ते इथे लिहीत नाही. नवरा वाचतो.

या क्षेत्रात उतरताना एक राग मनात धरून ठेवायला शिका: तुमचे आजोबा तेव्हा तिथे का नव्हते? कारण चित्रीकरण झालं की स्टुडिओच्या लेखी सेल म्हणजे अडगळ. ताव महाग, चित्र स्वस्त. म्हणून चित्र धुऊन काढायचं आणि त्याच तावावर दुसरं काढायचं. पोरांच्या पाट्या पुसाव्यात तसे उंदीर, ससे, डुकरं पुसली गेली. पुढे १९३८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कुर्व्हाझिए गॅलरीने ‘स्नो व्हाइट’चे सेल चौकटीत घालून विकायला सुरुवात केली. १९५५ साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा तिथल्या आर्ट कॉर्नरमध्ये हे सेल आठवण म्हणून घरी न्यायला मिळत, दोन-चार डॉलरला, मागे सोनेरी लेबल लावून. १९८९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात डिस्नेच्या १९३४ च्या कृष्णधवल ‘ऑर्फन्स बेनिफिट’ या कार्टूनमधल्या एका चित्राला अडीच लाख डॉलरांच्या वर बोली लागली. आजोबा मात्र त्या काळात सोलापूरला पोस्टात होते.

खरा-खोटा ओळखणं सोपं आहे. तावाच्या कडेला, तो जागचा हलू नये म्हणून लावायच्या खुंट्यांची छिद्रं असतात, कोपऱ्यात क्रमांक असतो. उलटा करून उजेडात धरला की कुंचल्याचे फराटे दिसतात, रंग कुठे जाड, कुठे पातळ. हे सगळं असेल तर खरा. आणि काहीच नसेल, तर कदाचित आणखी महाग असेल. कुर्व्हाझिएच्या सेलांच्या कडा बऱ्याचदा कापलेल्या असत, त्यात छिद्रंही गेली आणि क्रमांकही. त्यामुळे छिद्रं आहेत म्हणून घ्या, नाहीत म्हणूनही घ्या. घेणं महत्त्वाचं.

माझा पहिला सेल या कसोट्यांच्या आधीचा. रंग कसा अगदी सपाट, एकसारखा, कुठे डाग नाही, आणि मी मेली त्याच सफाईवर भाळले. तो सेरिसेल निघाला. म्हणजे लग्नपत्रिका छापतात तसल्याच जाळीच्या छपाईने छापलेला, कॅमेऱ्यासमोर कधीच न गेलेला. विकणाऱ्याने वर्णनात ‘मर्यादित आवृत्ती’ असं लिहिलंच होतं. काही हजारांची मर्यादा होती. मर्यादा अरबी समुद्रालाही असते.

सालं पाठ करा. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ या ठिपकेवाल्या कुत्र्यांच्या चित्रपटापासून डिस्नेत चित्रकाराची पेन्सिल यंत्राने थेट तावावर उतरू लागली आणि शाईची रेघ हाताने ओढायचं काम बहुतेक संपलं. इतक्या ठिपक्यांपुढे कुणाचाही हात टेकलाच असता म्हणा. १९८९ चा ‘द लिटल मरमेड’ हा हाताने रंगवलेल्या सेलांवरचा डिस्नेच्या मुख्य स्टुडिओचा शेवटचा पूर्ण लांबीचा चित्रपट. पुढचं रंगकाम संगणकावर. तेव्हा कुणी १९९४ च्या ‘द लायन किंग’मध्ये वापरलेला सेल म्हणून काही दाखवलं, तर नमस्कार करा आणि त्याच्याकडून विकायची कला शिकून घ्या. घरातला विरोध मोडायचा असेल तर युगो साको आणि राम मोहन यांच्या भारत-जपान ‘रामायण’ या कार्टून चित्रपटाचा सेल शोधा. तेही हातानेच रंगवलेलं काम. देवघरात ठेवला की कोण काय बोलणार?

आता जतन. जुने सेल नायट्रेटचे, म्हणजे खऱ्या सेल्युलॉइडचे. ते पिवळे पडतात, आकसतात, भाजताना फिरवायला विसरलेल्या पापडासारखे वाकतात, आणि पेट घ्यायला फार आढेवेढे घेत नाहीत. नंतरचे ॲसिटेट या दुसऱ्या प्लास्टिकचे. ते सहज पेट घेत नाहीत, आंबतात. एके दिवशी सासूबाईंनी विचारलं, “कपाटात मंचुरियन ठेवलंयस का गं?” घरभर व्हिनेगरचा वास, चायनीजच्या गाडीसारखा. मी म्हटलं, “नाही हो आई, ते बदक आहे.” त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं त्यांनी एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिकडे अमेरिकेत कलावस्तू जतन करणाऱ्या गेटी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी डिस्नेच्या सेलांवर काम करताना पाहिलं की सुटत आलेला रंग आर्द्रता वाढवली की तावाला पुन्हा धरू शकतो. त्यासाठी प्रयोगशाळा, मोजमाप, काय काय. आपल्याकडे जुलैत हा प्रयोग फुकट होतो. फरक इतकाच की रंग मऊ होऊन तावाला नाही, मागच्या कागदाला धरतो. माझ्या बदकाच्या निळ्या डगल्याचा नखाएवढा तुकडा तसा कागदावर गेला. तो कागदही मी जपून ठेवलाय. तोही मूळचाच ना!

आणि सही. सही असली की किंमत चढते. वॉल्ट डिस्नेची वळणदार सही दिसली की फार चौकशी करू नका. वॉल्टच्या नावाने सह्या करायला स्टुडिओत अधिकृत माणसं होती, हँक पोर्टर त्यांतला एक. म्हणजे बॉसची सही बॉसची असेलच असं नाही, पण किंमत बॉसचीच लागते.

याच्याही पुढे जाऊन ‘मग रंगवलं कुणी?’ असं तर मुळीच विचारू नका, त्याने बाजार बिघडतो. रंगवलं बायकांनी. शाई आणि रंगाच्या विभागात ओळीने बसलेल्या तरुण मुलींनी, ताव डागाळू नये म्हणून हातात सुती मोजे घालून. ‘स्नो व्हाइट’च्या गालांवरची लाली तावाच्या पुढच्या बाजूने, एकेका तावाला हाताने दिलेली, आणि ती चौकटीगणिक एकाच जागी पडायला हवी. पगार आठवड्याला १८ डॉलरच्या आसपास. शेकडो मुली, आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत या विभागाला जागा नाही. चित्रकार व्हायचंय म्हणून १९३८ मध्ये एका मुलीने अर्ज केला, तर स्टुडिओने कळवलं की सर्जनशील काम इथे तरुण पुरुषच करतात. मुलींसाठी शाई-रंगाचा विभाग आहे, तिथेही जागा फार थोड्या. ते पत्र ज्या कागदावर टाइप केलं होतं त्यावर शोभेला स्नो व्हाइटचंच चित्र होतं.

म्हणून सेलबरोबर मिळणारं खरेपणाचं सर्टिफिकेट नीट वाचा. कार्टूनचं नाव, साल, मापं, सोनेरी शिक्का, सगळं असेल. आणखी एखादं नाव शोधत बसलात तर चष्म्याचा नंबर वाढेल, दुसरं काही नाही.

गेल्या महिन्यात बदक नव्या चौकटीत घालायला नेलं. फ्रेमवाल्या काकांनी ताव उजेडात धरला, उलटा केला आणि बराच वेळ मागची बाजूच बघत राहिले. चोचीच्या पिवळ्यात कुंचल्याचा एक केस अडकलाय. पंखाजवळ रंग रेघेबाहेर गेला होता, तो कुणीतरी टोकदार कशाने तरी खरवडून आत घेतलाय. तिथे बारीक ओरखडे आहेत, घाईतले.

“ताई, ही बाजू पुढे घ्यायची का?” काकांनी विचारलं. “काम तर सगळं इकडे दिसतंय.”

असं कुणी विचारलं तर गडबडून जाऊ नका. सरळ सांगा, मागे पुठ्ठा मारा. आणि पुठ्ठा जाड घ्या.