गीझर

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ. आमच्या रविवारच्या डावात मी चोर आहे. खिसे जादूच्या वस्तूंनी फुगलेत आणि त्यातली एकही वेळेवर चालू होत नाही. राक्षसाचं बरं असतं, तो सरळ चावतो.

अंगठी मिळाली, घातली, ढिम्म. तिच्याशी आधी तासभर बसून सूर जुळवायचे, म्हणजे ‘अट्यूनमेंट’ करायचं म्हणे. अशा लाडोबा वस्तू एका वेळी तीनच. चौथी आली की एकीला निरोप.

मग मॅजिक मिसाइलची, म्हणजे जादूचे बाण सोडणारी कांडी काढली आणि ऐटीत म्हणालो, “चोराचे चपळ हात! बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जास्तीच्या छोट्या चालीत वापरतो.” डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, चष्मा कपाळावर चढवून पुस्तक उघडलं. 2014च्या नियमांत जादूची वस्तू चालू करणं म्हणजे ‘वस्तू वापरणं’ नव्हे! कांडी हातात धरून मी ती वापरत नसतो, तर काय करत असतो? पाठ खाजवत? त्यासाठी म्हणे पूर्ण ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य चालच लागते.

“2024च्या आवृत्तीत बदललंय हे,” मी म्हटलं.

“ती घ्यायला वर्गणी काढू म्हणालो, तेव्हा तूच पाय मागे घेतलास.”

राहता राहिली न संपणाऱ्या पाण्याची सुरई. बूच काढायचं आणि शब्द उच्चारायचा. ‘स्ट्रीम’ म्हटलं की 1 गॅलन, ‘फाउंटन’ म्हटलं की 5, आणि ‘गीझर’ म्हटलं की 30 गॅलन पाण्याचा तीस फुटी फवारा. समोरच्याची ताकदीसाठीची फाशाची फेक 13च्या खाली गेली, की तो आडवा. आमच्या टेबलाचा आणखी एक नियम: तोंडातून निघालेला शब्द पात्राचाच धरायचा. (एकाने राजासमोर वडापाव मागवला, तेव्हापासून.)

माझी पाळी आली. बूच काढलं, सुरई रोखली. पुढे आमचाच पॅलाडिन, म्हणजे आमच्या गटातला धर्मयोद्धा, पाठमोरा उभा होता, म्हणून म्हटलं, तो सरकू दे. तेवढ्यात बायकोचा फोन.

“अगं, गीझर? मी निघताना...”

टेबलावर शांतता. पॅलाडिनने निमूटपणे फासा टाकला. चार. अंगच्या ताकदीचे तीन धरून सात.

“हॅलो? बंद केलास ना नक्की?”

“पुढच्या पाळीपर्यंत होत नाही बंद,” डीएमने फोनकडे वाकून सांगितलं.