क्षेत्र शून्य म्हणजे विभव शून्य? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. पृथ्वीच्या केंद्राशी वजनच उरत नाही, मग तिथे गुरुत्वीय विभव (दर किलोमागे स्थितिज ऊर्जा) सर्वांत कमी कसा, ओढ शून्य तर तोही शून्यच हवा ना? आणि अनंतावर शून्य धरून विभव उणे मोजायचा, हा ऋण चिन्हाचा घोळ हवाच कशाला, जमिनीवर शून्य धरून एमजीएच (वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची) वापरलं की भागतं.

दुसरा आक्षेप अर्धा मान्य. शून्य कुठेही धरा, प्रत्यक्षात उपयोगी पडतो तो दोन बिंदूंमधल्या विभवांचा फरक. पण एमजीएचमध्ये जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, बदलत नाही असं गृहीत आहे. सिंहगड चढताना ते चालतं. ४०० किमी उंचीवर मात्र एमजीएच दर किलोला ३.९२ मेगाज्यूल सांगतं, खरा फरक ३.६९ आहे. उंची अनंत केली की ऊर्जाही अनंत, म्हणजे मुक्तिवेग (पृथ्वीच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग) निघणारच नाही. अनंतावर शून्य धरलं की पृष्ठभागावर विभव उणे ६२.६ मेगाज्यूल प्रति किलो येतो. दर किलोला तेवढी गतिज ऊर्जा दिली की वस्तू सुटते: ६.२६ कोटीची दुप्पट, तिचं वर्गमूळ, ११.२ किमी प्रतिसेकंद.

आता पहिला आक्षेप. क्षेत्र (दर किलोवर पडणारी ओढ) म्हणजे विभवाचा उतार. दरीच्या तळाशी उतार संपतो, म्हणून दरीची खोली शून्य होत नाही!

आकडा काढूनच बघा. पृथ्वीची घनता सगळीकडे सारखी धरली, तर आत जाताना जी सरळ रेषेत घटत शून्यावर येतो. सरासरी ४.९१ मीटर प्रतिसेकंद वर्ग. गुणिले ६३७१ किमी, म्हणजे ३१.३ मेगाज्यूल प्रति किलो. केंद्राशी विभव उणे ९३.९, पृष्ठभागाच्या दीडपट. (खऱ्या पृथ्वीचा गाभा जास्त घन आहे, त्यामुळे तिथला विभव याहूनही खाली.) इथे बरेच जण विभवाच्या उणे जीएम भागिले आर (गुरुत्व स्थिरांक गुणिले पृथ्वीचं वस्तुमान, भागिले केंद्रापासूनचं अंतर) या सूत्रात आर शून्य टाकतात आणि उत्तर अनंत आलं म्हणून गोंधळतात. ते सूत्र पृष्ठभागापर्यंतच चालतं. आत गेल्यावर तुमच्या वरचे थर ओढ देत नाहीत, पण विभवात त्यांचा वाटा राहतोच.

केंद्र अवघड वाटत असेल तर चंद्राच्या वाटेवरचा समतोल बिंदू घ्या, पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ४६ हजार किमी. चंद्र स्थिर धरला तर दोन्ही ओढी तिथे सारख्या आणि विरुद्ध. त्या सदिश (दिशा असलेल्या), म्हणून कटतात. विभव अदिश (दिशा नसलेले), त्यांची सरळ बेरीज होते: पृथ्वीचा उणे १.१५, चंद्राचा उणे ०.१३, एकूण उणे १.२८. तुमच्या नियमाने इथे शून्य हवा होता. तसं असतं, तर चंद्राकडे जायला पूर्ण मुक्तिवेग लागला असता. प्रत्यक्षात उणे ६२.६ पासून उणे १.२८ पर्यंतच चढायचं आहे, त्याला ११.१ किमी प्रतिसेकंद वेग पुरतो, पुढे चंद्रच ओढून घेतो.