‘राजकारण नको, इटालियन शिकवा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली आणि दोन ओळींत उत्तर देणं बरोबर वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. इटलीतल्या नागरिकत्वाच्या सार्वमतावर मी जो लेख लिहिला त्याखाली तुम्ही म्हणता की तुम्ही दुबईत नोकरी सांभाळून इटालियन शिकताय, ए-टू (भाषेची दुसरी पातळी) पूर्ण झालंय, इथे भाषा, खाणं, सिनेमा यासाठी येता आणि हल्ली सारखं राजकारणच वाचायला मिळतं. कोणाला नागरिक करायचं हा त्यांच्या घरातला प्रश्न, मराठी माणसाचा त्याच्याशी काय संबंध, आणि ज्या देशाच्या प्रेमात पडून आपण भाषा शिकतो त्याची लक्तरं वेशीवर कशाला टांगायची? शिवाय भारतातही नुसत्या जन्मावर नागरिकत्व मिळत नाही आणि या विषयांवरचं इटालियन फार अवघड जातं, असंही तुम्ही म्हणता.

संबंध आहे, आणि तो तुम्ही भाषा शिकताय इथूनच सुरू होतो. ए-टू नंतर तुम्ही बी-वन, म्हणजे पुढची पातळी, करणार ना? इटलीत राहून किंवा इटालियन माणसाशी लग्न करून नागरिकत्व मागायचं तर 2018 च्या शेवटापासून हेच बी-वन कायद्याने लागतं. सिएनाच्या विद्यापीठाची चिल्स परीक्षा आहे, तिचा खास नागरिकत्वासाठीचा वेगळा पेपरच निघाला. आता दुसरी बाजू बघा. पणजोबा किंवा खापरपणजोबा इटालियन होते एवढं कागदोपत्री दाखवता आलं (आणि मधल्या पिढीत कुणी ते नागरिकत्व गमावलेलं नसलं) तर बुएनोस आयरेस किंवा साओ पाउलोत जन्मलेल्या माणसाला, ज्याने इटलीत कधी पाऊल ठेवलं नाही आणि ज्याला इटालियनचा एक शब्द येत नाही, त्याला नागरिकत्व मिळत होतं. भाषेची कसलीच अट नाही. पिढ्यांना मर्यादा नाही, पूर्वज फक्त 17 मार्च 1861 ला, म्हणजे इटली एक राज्य झालं तेव्हा किंवा त्यानंतर हयात असला की झालं. 28 मार्च 2025 ला सरकारने वटहुकूम काढून हे आईवडील आणि आजीआजोबांपर्यंत आणून ठेवलं, मे महिन्यात त्याचा कायदा झाला, आणि तिकडे अर्जेंटिना-ब्राझीलमध्ये केवढा गहजब झाला.

आणि तिसरी बाजू, जिच्यासाठी मी तो लेख लिहिला. क्रेमोना, ब्रेशा, रेज्जो एमिलिया या पो नदीच्या पट्ट्यात गाईंचे गोठे पंजाबी माणसं सांभाळतात, पहाटे उठून दूध काढतात, आणि ज्या ग्राना पादानो आणि पार्मिजानो चीजचं आपण एवढं कौतुक करतो ते त्या दुधाचं होतं. त्याच पट्ट्यातल्या नोवेल्लाराचा गुरुद्वारा 2000 साली सुरू झाला, म्हणजे ही कालपरवाची वस्ती नाही. यांची मुलं तिथेच जन्मली, तिथल्याच बालवाडीत गेली, दान्ते शाळेत शिकली, तिथल्या गावची बोली आपल्यापेक्षा शंभरपटीने चांगली बोलतात. 1992 च्या कायद्याप्रमाणे त्या मुलाने जन्मापासून अठरापर्यंत इटलीत सलग कायदेशीर राहायचं आणि अठरा पूर्ण झाल्यावर एका वर्षाच्या आत अर्ज करायचा, ते वर्ष हुकलं की मोठ्या माणसांसाठीचा लांबचा रस्ता. आईबाबांपैकी कुणी नागरिक झालं तरच मुलाला अठराच्या आधी मिळतं. व्हॉलीबॉलची पाओला एगोनू, पॅरिस ऑलिंपिकमधलं सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातली, पादोवाजवळ चित्तादेल्लाला जन्मली आणि वडिलांना मिळालं म्हणून चौदाव्या वर्षी नागरिक झाली. त्या पदकानंतर रोममध्ये तिचं भित्तिचित्र काढलं तर कुणीतरी रात्रीत तिच्या अंगावर गुलाबी रंग फासला. हे मी लपवून ठेवलं आणि फक्त पदकाबद्दल लिहिलं तर मी तुम्हाला इटली दाखवली असं कसं म्हणू?

आता ‘त्यांच्या घरातला प्रश्न’. बरोबर आहे, निर्णय त्यांचाच, आणि तो त्यांनीच केला. 8 आणि 9 जून 2025 ला पाच प्रश्नांवर सार्वमत झालं, चार कामगार कायद्यांवर आणि पाचवा नागरिकत्वावर, की युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाला अर्ज करण्याआधी दहा वर्षं राहावं लागतं ते पाच करायचं का. मतदान साधारण तीस टक्के झालं, अर्ध्याहून जास्त लागतं, म्हणून सगळंच बाद. तुम्ही म्हणाल झालं तर मग, विषय संपला. पण आकडे जरा बघा. ज्यांनी मत दिलं त्यांनी कामगारांच्या चारही प्रश्नांना पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर ‘हो’ म्हटलं आणि नागरिकत्वाला जेमतेम पासष्ट. म्हणजे कामगार संघटनांच्या हाकेला ओ देऊन जे मतदानाला आले त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांनी चार वेळा ‘हो’ आणि पाचव्यांदा ‘नाही’ अशी खूण केली. उजवे वाईट आणि डावे चांगले एवढं सोपं ते नाही हे मला सांगायचं होतं. उलट 2024 च्या उन्हाळ्यात शाळेची वर्षं धरून मुलांना नागरिकत्व द्यावं ही चर्चा सत्तेतल्याच उजव्या आघाडीतल्या फोर्झा इतालिया पक्षाने काढली होती. आणि पंतप्रधान मेलोनी मतदान केंद्रावर गेल्या पण मतपत्रिका घेतलीच नाही, कारण तिथे गणसंख्या पूर्ण होऊ न देणं हाही विरोधाचा कायदेशीर मार्ग आहे. हे माहीत नसेल तर इटालियन पेपरातला ‘आस्तेन्सियोने’, म्हणजे मत न देणं, हा शब्द वाचून तुम्ही म्हणाल की लोक आळशी आहेत.

भारताचा दाखला तुम्ही दिलात तोही खरा आहे. आपल्याकडेही 1 जुलै 1987 पासून नुसत्या जन्मावर नागरिकत्व मिळत नाही. म्हणून मी इटलीला शहाणपण शिकवत नाहीये. पण मिलानमध्ये दहा वर्षं काढलेली मराठी कुटुंबं हा प्रश्न रोज जेवणाच्या टेबलावर घेऊन बसतात, कारण इटली दुहेरी नागरिकत्व चालवून घेते आणि आपण नाही, तिकडची शपथ घेतली की इकडचा पासपोर्ट परत करून ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड) यावं लागतं. गावी जमीन आहे, आई एकटी आहे, मुलगी तिथल्या शाळेत आहे. त्यांना कुणी सांगावं की हा आपला विषय नाही?

आणि मराठी माणसाचा संबंध एवढ्यावरच थांबत नाही. रायगडच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना गेले, 1945 च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी गोळीबारात जखमी साथीदारांना उचलून आणलं, दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. उंब्रियातल्या मोंतोने गावाने 2023 मध्ये घाडगेंचं स्मारक उभारलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. 25 एप्रिलला इटलीत मुक्तिदिनाची सुट्टी असते तिच्यात आपल्या माणसांचाही वाटा आहे. कुणी परका आणि कुणी आपला हे ठरवताना त्या देशाने हे आठवावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते मी लिहीत राहणार.

राहिला भाषा अवघड असण्याचा मुद्दा, त्यात तथ्य आहे. सार्वमताच्या त्या पिवळ्या मतपत्रिकेवर ‘पाच वर्षं करायची का’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तिथली या प्रकारची सार्वमतं कायद्यातलं काहीतरी खोडण्यापुरतीच असतात, त्यामुळे प्रश्न येतो तो अमुक कलमातले अमुक शब्द रद्द करावेत असं तुम्हाला वाटतं का असा, कलमांच्या आकड्यांसकट लांबच लांब एका वाक्यात. इटालियन लोकही ते वाचून गोंधळतात. म्हणून पुढच्या वेळेपासून अशा लेखाखाली मूळ वाक्य तोडून, क्रियापद कुठलं, कर्ता कुठला हे दाखवून देईन. तोवर तुम्ही एवढं करा, मोठ्या पेपरांचे अग्रलेख सध्या सोडा, इल पोस्त हे ऑनलाइन वृत्तपत्र वाचा, ते गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगतात आणि वाक्यं सरळ असतात. एक बातमी घ्या, आधी मथळा, मग पहिला परिच्छेद, तेवढंच. अडलं तर वाक्य इथेच टाका, मी बघते.