"रेघोट्या" वाल्या कमेंटला उत्तर

"कोकणी माणूस" या नावाने माझ्या आर्ट थेरपीवरच्या (चित्रं काढून मन मोकळं करायच्या उपचारावरच्या) पोस्टवर काल रात्री साडेअकराला आलेली कमेंट डिलीट केलेली नाही, खाली आहे तशी आहे. म्हणे, "चार रेघोट्या मारून लहानपणच्या जखमा भरत नाहीत बाई, ही सगळी शहरातली फॅडं." शिवाय मी सायकॉलॉजिस्ट नाही तर मुलांच्या चित्रांचे अर्थ लावत बसू नये, आणि साल चुकलंय.

साल चुकलंय, मान्य. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी 'आर्ट थेरपी' हा शब्द काढला १९४२ मध्ये, मी १९५२ टाइप केलं. दुरुस्त केलंय, थँक्यू.

पण "बाई"? माझं नाव वर लिहिलेलं आहे की. स्वतःचं नाव झाकून ठेवायचं आणि दुसऱ्याच्या पडवीत चपला घालून चढायचं, ही कुठली रीत? आणि फॅड कसलं, हिल स्वतः टीबीच्या सॅनेटोरियममध्ये पडून होते, तिथे चित्रं काढता काढता त्यांना हे सुचलं. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची ठाकर मंडळी चित्रं समोर धरून कथा सांगत आली, तेही शहरातून शिकून आले का?

आता रेघोट्यांचं ऐका. आमच्या गुहागरच्या घरी माजघरामागे कोठीची खोली होती, भाताची नि सुक्या नारळांची. गणितात मार्क कमी पडले की अण्णा मला आत घालून बाहेरून कडी लावायचे, कधी तासभर, कधी दिवेलागणीपर्यंत. हे मी चाळिशी उलटेपर्यंत कोणाला बोलले नव्हते, नवऱ्यालासुद्धा नाही, बोलायला गेलं की घसाच धरायचा. आर्ट थेरपीच्या वर्कशॉपमध्ये थेरपिस्ट म्हणाल्या, घर काढा. खळं काढलं, तुळस काढली, माड काढले, सगळं मजेत, आणि दाराशी आले तर कोळसा एवढा दाबला गेला की मोडलाच, बोटं काळी. त्यांनी अर्थबिर्थ काही सांगितला नाही, एवढंच विचारलं, "कडी बाहेरून आहे का हो?" पाऊण तास रडले मी. जखम भरली असं मी कुठे लिहिलंय? दिसली, एवढंच लिहिलं होतं. नीट वाचत जा जरा.

सायकॉलॉजिस्टचा मुद्दा सगळेच काढतात, त्यात नवीन काय.

भाचीने समुद्र काळा रंगवला म्हणजे तिच्या मनात भीती आहे, ही ओळ मात्र पोस्टमधून काढलीय. तुमच्यामुळे नाही. सकाळी वहिनीचा फोन आला, निळा खडू संपला होता म्हणाली.