‘थीम कुठलीही घ्या, बाकीचं प्लगइन बघेल’: घाऊक विक्रीत हे चालत नाही

घाऊक वितरकाला हमखास मिळणारा सल्ला असा: ऑनलाइन दुकानासाठी दिसायला चांगली कुठलीही थीम (साइटचा तयार साचा) घ्या, घाऊक दर प्लगइनने (वरून बसवायच्या छोट्या सॉफ्टवेअरने) होतात, वेग होस्टिंगवर असतो आणि नाही पटली तर थीम नंतर बदलता येते.

‘डेमो बघूनच कळतं.’ काही कळत नाही. डेमोत डझनभर वस्तू, मोठे फोटो आणि दोन-दोन शब्दांची नावं असतात. घाऊक खरेदीदाराला काय घ्यायचं ते आधीच ठाऊक असतं. तो कोड टाकतो, नग लिहितो आणि पुढच्या ओळीवर जातो. तेव्हा पहिलं पान सोडा, वस्तू तक्त्यात दिसतात का ते पाहा: एकाच ओळीत कोड, पॅकिंग, दर, साठा आणि संख्येची चौकट. चाचणी साइटवर आपल्याच २०० वस्तू चढवा. निम्म्यांना फोटो देऊ नका, नावं बिलावर छापता तशी लांबलचक ठेवा आणि माउसला हात न लावता ४० ओळींची ऑर्डर भरून पाहा. बऱ्याच देखण्या थीम इथेच गळतात.

‘बाकीचं प्लगइन बघेल.’ सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच. वूकॉमर्स ही वर्डप्रेस साइटवर दुकान चालवणारी प्रणाली; तिची प्लगइन ठरावीक हुकना, म्हणजे कोडमध्ये त्यासाठीच ठेवलेल्या जागांना, जोडून काम करतात. थीमने स्वतःचा क्विक व्ह्यू (वस्तूचं पान न उघडता ती दाखवणारी छोटी खिडकी) किंवा स्वतःची संख्येची चौकट बनवताना ते हुक गाळले, की प्लगइन तिथे मुकं. समजा, नियम आहे किमान २४ नग आणि पुढे १२च्या पटीत. वस्तूच्या पानावर तो पाळला जातो, पण यादीतलं बटण १ नग कार्टमध्ये टाकून मोकळं होतं. म्हणून हा नियम चेकआउटच्या वेळी सर्व्हरवरही तपासला गेला पाहिजे. त्यातही एक मेख आहे: वूकॉमर्स ८.३ पासून नव्या साइटला कार्ट आणि चेकआउट ब्लॉकचे (वर्डप्रेसच्या नव्या पद्धतीने बांधलेले) मिळतात, आणि जुन्या टेम्पलेटसाठी (पानाचा आराखडा ठरवणाऱ्या फायलींसाठी) लिहिलेले बरेच हुक तिथे चालतच नाहीत.

दर लपवण्याचंही तसंच. थीममधला ‘लॉगिनशिवाय किंमत नको’ हा पर्याय कधीकधी फक्त सीएसएसने, म्हणजे पानाच्या दिसण्याच्या नियमांनी, आकडा झाकतो. पानाचा सोर्स उघडा, सर्च इंजिनसाठी भरलेल्या स्कीमा माहितीत तो सापडतो. वूकॉमर्सची स्टोअर एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामना दुकानाची माहिती देणारी सोय) तर लॉगिन न मागता वस्तूंची किंमत सांगते. शॉपिफाय या दुसऱ्या दुकान-प्रणालीवर वस्तूच्या पानाच्या पत्त्याला शेवटी डॉट आणि जेएस (.js) जोडून पाहा, किंमत तिथेही दिसेल. सोपा उपाय: मूळ किमतीच्या रकान्यात छापील दरच ठेवा आणि घाऊक दर लॉगिन केलेल्या ग्राहकगटापुरता सर्व्हरवरून लावा.

‘वेग होस्टिंगवर असतो.’ अर्धं खरं. पाहुण्याला पान कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून, मिळतं. लॉगिन केलेल्या ग्राहकाला ते देता येत नाही, नाहीतर एकाचा दर दुसऱ्याला दिसायचा. त्याच्यासाठी प्रत्येक पान नव्याने तयार होतं आणि थीमचं सगळं ओझं तिथे उघडं पडतं. डेमोचा स्कोअर पाहुण्याचा असतो; तुम्ही लॉगिन करून, १०० ओळींच्या यादीवर मोजा. मुख्य मजकूर दिसायला २.५ सेकंदांच्या आत, ही गूगलची रेषा. शिवाय वूकॉमर्स एका वस्तूची ३० पर्यंतच व्हेरिएशन (माप-रंगांचे प्रकार) पानात भरतं आणि त्यापुढे निवडीनुसार मागवतं. रंगांचे ठिपके दाखवण्यासाठी ही मर्यादा वाढवलेली असेल, तर मापं-रंग जास्त असलेली वस्तू उघडताना पान अडखळतं.

‘थीम नंतर बदलू.’ बदलता येते, पण थीमच्या पेज बिल्डरचे (पान मांडण्याच्या साधनाचे) शॉर्टकोड, म्हणजे चौकटी कंसांतल्या खुणा, मजकुरात कंसांसकट मागे उरतात. वस्तूंची वर्णनं त्यात लिहिली असतील तर हजार पानं हाताने पुसावी लागतात, त्यामुळे वर्णनं साध्या एडिटरमध्येच लिहा. खरेदीआधी थीमच्या वूकॉमर्स नावाच्या फोल्डरमध्येही डोकवा. तिथे असते ती वूकॉमर्सच्या टेम्पलेटची थीमने केलेली प्रत. मूळ टेम्पलेट बदललं की वूकॉमर्सच्या स्टेटस पानावर ती ‘जुनी’ म्हणून दिसते आणि थीमवाल्याने नवी काढेपर्यंत तशीच राहते. तिथे जितक्या फायली कमी, तितकं बरं.